पुडीत काय आहे?

सकाळी ६:२०

येलहंक्याहून देवनहळ्ळीकडे जाणारी बस या वेळेला अर्धी रिकामी असते. विमानतळाच्या टॅक्सी उजवीकडून सुसाट निघून जातात आणि आमची बस प्रत्येक फाट्यावर थांबत, भाजीवाल्या बायकांना चढवत-उतरवत पुढे सरकते. विमानतळाचा फाटा मागे पडला की उत्तरेला नंदीबेट्ट दिसायला लागतो. कडेला अजून द्राक्षांचे मांडव आहेत, इथला नावाजलेला चकोता काही घरांच्या आवारात टिकून आहे, आणि त्यांच्यापलीकडे एरोस्पेस पार्कच्या नव्या इमारती. टिपू सुलतानाचा जन्म देवनहळ्ळीतलाच. मी बेळगावची. कानडी आणि मराठी घरातूनच आल्या, म्हणून इथे रुळायला वेळ लागला नाही.

आमची प्रयोगशाळा आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधं तपासते. अशा प्रयोगशाळांना औषध नियमांतल्या १६०-ए ते १६०-जे या कलमांखाली मान्यता घ्यावी लागते. नातेवाईक, शेजारी, बसमधली ओळखीची माणसं, सगळे मला एकच प्रश्न विचारतात: आयुर्वेदिक औषधं खरी असतात का गं? त्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. लेबलवर लिहिलंय तेच आत आहे का? आत नको ते काही आहे का? आणि त्यानं आजार बरा होतो का? पहिल्या दोन्हींची उत्तरं माझ्या टेबलावर मिळतात. तिसऱ्याचं उत्तर माणसांवर रीतसर चाचण्या घेऊनच मिळतं आणि त्याला वर्षं लागतात. ही तीन उत्तरं एकमेकांच्या जागी वापरली जातात, तिथून बहुतेक गोंधळ सुरू होतो.

सकाळी ७:२५

दिवसाची पहिली तपासणी पाण्याची. या भागात बोअरवेल फार खोल गेल्यात आणि त्या पाण्यात क्षार भरपूर असतात. गाळण्या, मेम्ब्रेन आणि रेझिनमधून ते शुद्ध होऊन येतं तेव्हा यंत्रावर १८.२ मेगाओम हा आकडा दिसायला हवा. तो खाली असेल तर पुढचं काम थांबतं. शंभर कोटी भागांत एखादा भाग शिसं शोधायचं, तर ते पाण्यातूनच आलेलं असून कसं चालेल?

मग बॅलन्स. पंखा बंद, दार बंद, प्रमाणित वजनं चिमट्यानं उचलून ठेवायची, आकडे वहीत लिहायचे. मायक्रोबायोलॉजीच्या खोलीत काल परवाच्या प्लेट्स मोजणं चाललंय. चूर्णाच्या एका ग्रॅममध्ये एक लाखाहून जास्त जीवाणू नकोत, बुरशी आणि यीस्ट हजारावर नकोत, ई. कोलाय आणि साल्मोनेला अजिबात नकोत. पावसाळ्यात वाळवलेल्या मुळ्या इथेच नापास होतात.

सकाळी ८:१५

सॅम्पल घेण्याची खिडकी उघडते. आज माझ्या वाट्याला आलेली: निर्यातीसाठीचं अश्वगंधा चूर्ण, वाळलेल्या गुळवेलीचे तुकडे, कोल्हापूरकडच्या एका छोट्या फार्मसीचं लोहभस्म आणि रससिंदूर. पाचवी वस्तू म्हणजे रबर बँड लावलेली प्लॅस्टिकची पुडी. लेबल नाही, बॅच नंबर नाही. आत करड्या रंगाचं चूर्ण.

पुडी बेळगावहून आली आहे. पाठवणारी डॉक्टर माझी शाळेतली मैत्रीण. सोबत तिची चिठ्ठी: खानापूर तालुक्यातली साठीची बाई, दोन्ही गुडघे दुखतात, आठवडी बाजारातून घेतलेलं ‘शंभर टक्के जडीबुटी’ चूर्ण बरेच महिने चालू आहे. चार दिवसांत दुखणं गेलं होतं म्हणे. आता चेहरा सुजून गोल झालाय, साखर वाढली आहे, दंडावर जरा धक्का लागला तरी काळंनिळं पडतं. खाली तिनं लिहिलंय, ‘तुला कळलंच असेल मला कशाची शंका आहे.’

कळलं आहे. गुग्गुळ, रास्ना, निर्गुंडी ही औषधं सावकाश काम करतात. चार दिवसांत जुनाट गुडघा थांबवणारं चूर्ण हातात आलं की मला आधी काळजी वाटते. पण शंका अहवालात लिहिता येत नाही. पुडीला नंबर मिळतो, फोटो निघतो, वजन होतं, आणि ती बाकीच्या सॅम्पलांच्या रांगेत बसते.

सकाळी ९:००

धातूंसाठीचं विरघळवण. अर्धा ग्रॅम चूर्ण टेफ्लॉनच्या भांड्यात, त्यावर तीव्र नायट्रिक आम्ल. वनस्पतीचं चूर्ण आम्लात पडलं की तपकिरी धूर निघतो. झाकण लावायची घाई केली तर आत वायू कोंडतो, म्हणून फ्यूम हूडखाली भांडी आधी उघडीच ठेवायची, धूर ओसरला की मायक्रोवेव्हमध्ये. आत दाबाखाली तापमान दोनशे अंशांच्या आसपास जातं आणि मूळ, साल, पान, सगळ्याचं पाण्यासारखं द्रावण होतं. ते पन्नास मिलिलिटरपर्यंत पातळ करायचं.

प्रत्येक फेरीत दोन जादा भांडी असतात. एकात फक्त आम्ल. दुसऱ्यात चूर्ण आणि मी मुद्दाम मोजून घातलेलं शिसं. पहिल्यातून काही निघायला नको, दुसऱ्यातून मी घातलेलं जवळजवळ पूर्ण परत मिळायला हवं. ही दोन भांडी बरोबर आली नाहीत तर त्या फेरीतला एकही आकडा मी अहवालात घेत नाही.

सकाळी १०:१५

सूक्ष्मदर्शकाखाली अश्वगंधा. महागड्या यंत्रांच्या गर्दीत ही तपासणी मागे पडत चालली आहे याचं मला वाईट वाटतं, कारण काचपट्टीवर चिमूटभर चूर्ण आणि दोन थेंब द्रव एवढ्यात ती खूप सांगते. अश्वगंधेच्या मुळात पिष्टकण ठासून भरलेले असतात. मुळाला पर्णरंध्रं नसतात. आजच्या काचपट्टीवर पिष्टकण आहेत, पण मधूनच हिरवट तुकडे आहेत, आणि त्यांच्यावर पर्णरंध्रं स्पष्ट दिसतात.

म्हणजे मुळांत पानं मिसळली आहेत. पान स्वस्त पडतं, शिवाय त्यात विथाफेरिन-ए हे द्रव्य मुळापेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे एकूण विथॅनोलाइड मोजले तर आकडा छान येतो. आयुष मंत्रालयानं २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. औषध म्हणून परंपरेनं मूळ घेतलंय, अनुभव मुळाचा आहे. पानाच्या सुरक्षिततेला तो अनुभव लागू पडत नाही. दुपारी एचपीटीएलसीच्या प्लेटवर पुन्हा बघायचं असं वहीत लिहून ठेवते.

शेजारी मफल फर्नेसमध्ये राख होते आहे. राख आम्लात उकळून जे उरतं ती वाळू आणि माती. मुळं नीट धुतली की नाही ते तिथे कळतं.

सकाळी ११:३०

आता भस्मं. आमच्याकडे सध्या लातूरचा एक मुलगा शिकायला आला आहे, बी.ए.एम.एस. झालेला. रसशास्त्र त्याच्या आवडीचा विषय. त्याच्यासाठी मी आधी जुन्या परीक्षा करून घेते, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही.

तो लोहभस्माची चिमूट अंगठा आणि तर्जनीत चोळतो. कण बोटांच्या रेषांत शिरून बसतात, झटकले तरी निघत नाहीत. हे रेखापूर्णत्व. मग चंचुपात्रातल्या पाण्यावर अलगद चिमूट सोडतो. भस्म तरंगतं. हे वारितर. त्या थरावर तांदळाचा दाणा ठेवतो, दाणाही वरच राहतो. हा उनम.

“मॅडम, तिन्हीत पास,” तो म्हणतो.

“तरंगलं म्हणजे नेमकं काय कळलं?”

“हलकं झालं.”

“लोखंडाचं ऑक्साइड आहे ते. पाण्याच्या पाचपट जड.”

तो थांबतो. मग स्वतःच शोधून काढतो: कण इतके बारीक झालेत की पाण्याचा पृष्ठताण त्यांना धरून ठेवतो. म्हणजे परीक्षा हलकेपणाची नव्हती, बारीकपणाची होती. लेझरनं कणांचा आकार मोजणारं यंत्र पलीकडच्या खोलीत आहे. तेही हेच सांगेल, आकड्यांत.

रसरत्नसमुच्चयासारखे ग्रंथ मी मूळ संस्कृतातून वाचू शकत नाही. पुण्याच्या आनंदाश्रमानं छापलेली प्रत समोर ठेवून हा मुलगा मला अर्थ सांगतो आणि मी त्याला रसायनशास्त्र. अपुनर्भव परीक्षेत भस्म गूळ, गुंजा, मध, तूप आणि टाकणखार यांच्याबरोबर तापवतात. धातू परत मिळाला तर भस्म कच्चं. रसायनाच्या भाषेत ही क्षपणाची कसोटी आहे. निरुत्थ परीक्षेत चांदीबरोबर तापवतात आणि चांदीचं वजन वाढलं तर मोकळा धातू शिल्लक आहे असं ठरतं. अभ्रकभस्म उन्हात धरून चमक उरली का ते बघायचं, ताम्रभस्म दह्यात टाकून दही हिरवं-निळं पडतं का ते बघायचं. शेकडो वर्षांपूर्वी, यंत्रांशिवाय, कुणीतरी ‘प्रक्रिया पूर्ण झाली का’ हा प्रश्न इतक्या बाजूंनी विचारला होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आणि म्हणूनच, त्या माणसांच्या नावानं कसोटी न लावता औषध विकणाऱ्यांची मला चीड येते.

एक्स-रे डिफ्रॅक्शनचा आलेख आला आहे. लोहभस्मात लोखंडाची ऑक्साइडं, मोकळ्या लोखंडाची शिखरं नाहीत. ठीक.

रससिंदूर मात्र वेगळी बाब. तो पारा आणि गंधक यांचा लाल सल्फाइड, शुद्ध असेल तर वजनाच्या ८६ टक्के पारा. मुलगा विचारतो, सकाळच्या द्रावणांबरोबर हेही आयसीपी-एमएसवर का नाही लावायचं? कारण ते यंत्र शंभर कोटी भागांत दोन-चार भाग मोजायला बनवलंय. एवढा पारा आत गेला तर नळ्यांना चिकटून बसेल आणि पुढच्या कितीतरी सॅम्पलांत नसलेला पारा दाखवत राहील. म्हणून रससिंदूर दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या काचसामानात. नुसत्या नायट्रिकला तो दाद देत नाही. विरघळवल्यावर अमोनियम थायोसायनेटनं टायट्रेशन, फेरिक अ‍ॅलम दर्शक म्हणून. शेवटच्या थेंबाला लालसर तपकिरी रंग टिकला की ब्युरेट बंद.

“मग हे सुरक्षित आहे असं लिहायचं का?” तो विचारतो.

नाही. आपण लिहायचं: पारा इतका, गंधक इतकं, संयुग हे, मोकळा पारा आढळला नाही. पाऱ्याचा हा सल्फाइड पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे पाऱ्याच्या इतर क्षारांचं विषारीपण त्याला जसंच्या तसं लावता येत नाही. पण त्यातला किती अंश आतड्यातून रक्तात जातो, महिनोन्महिने घेतल्यावर मूत्रपिंडात किती साठतो, हे टायट्रेशन सांगत नाही. पारा दिसला की विष म्हणणारे आणि शोधन, म्हणजे शुद्धीकरण, झालं की निर्धोक म्हणणारे, दोघेही हा मधला प्रश्न ओलांडून जातात. शिशाच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. शरीराला शिशाची कसलीच गरज नाही, त्याची सुरक्षित अशी पातळी जागतिक आरोग्य संघटनेलाही सांगता आलेली नाही, आणि जठरातल्या आम्लात त्याची अनेक संयुगं विरघळतात. नागभस्म, म्हणजे शिशाचं भस्म, गरोदर बाईला आणि लहान मुलाला देऊ नये, असं मी कुणाही वैद्यांना तोंडावर सांगेन.

मुलाचा चेहरा जरा उतरतो. मी त्याला बचनागाची गोष्ट सांगते. बचनागातलं अ‍ॅकोनिटिन हृदयाची लय बिघडवून माणूस मारतं. ग्रंथ सांगतात, तो गोमूत्रात भिजवून, दुधात शिजवून शुद्ध करा. प्रयोगशाळेत मोजलं तर शोधनानंतर अ‍ॅकोनिटिन खूप खाली येतं, कारण त्या रेणूचं जलविघटन होऊन कितीतरी कमी विषारी द्रव्यं तयार होतात. इथे तपासणीनं परंपरेची बाजू भक्कम केली. पण ती बॅचगणिक करावी लागते. एखाद्यानं शिजवण्याचा वेळ वाचवला तर ग्रंथ त्याला अडवायला येणार नाही. वत्सनाभ म्हणजेच बचनाग, कुचला, भल्लातक, पारा ही द्रव्यं औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात आहेत. असं औषध वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावं, ही सूचना लेबलवर सक्तीची आहे. ते अक्षर किती बारीक छापतात ते बाटली उलटवून एकदा बघा.

दुपारी १:०५

डबा. पोळी-भाजी माझी, चित्रान्न आणि मोसरन्ना बाकीच्यांचा, वाटून खायचं. मुलगा सकाळचा धागा सोडत नाही. आजार बरा होतो का, हे कुणी तपासलंय की नाही?

तपासलंय, आणि आपल्या मुलखात तपासलंय. सर्पगंधा घे. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लिहिलं. मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन, नोंदी ठेवून, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. मग जगाचं लक्ष गेलं, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. डॉ. वकिलांना १९५७ चं लास्कर पारितोषिक मिळालं. आणि त्याच रिसर्पिननं काही रुग्णांत खोल नैराश्य येतं, हेही पुढे नोंदींतूनच कळलं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवातावर ४४० रुग्णांची चाचणी घेतली, २४ आठवड्यांची. कोण आयुर्वेदिक औषध घेतंय आणि कोण ग्लुकोसामाइन किंवा सेलेकॉक्सिब, हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: वेदना आणि हालचाल यांत आयुर्वेदिक औषधं त्या दोघांच्या बरोबरीची ठरली. त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलं की काही रुग्णांत यकृताचं एसजीपीटी अनपेक्षितपणे वाढलं, सुरक्षिततेचा आणखी अभ्यास हवा. मला त्या संशोधनाबद्दल सर्वात जास्त आदर या दुसऱ्या वाक्यामुळे वाटतो. गुण आला हे सांगणारे पुष्कळ असतात.

दुपारी २:००

एचपीटीएलसी. सिलिकाचा थर दिलेल्या काचेवर आठ-आठ मिलिमीटरच्या पट्ट्या: एका बाजूला आजचं सॅम्पल, शेजारी खात्रीचं मूळ, त्याच्या शेजारी पान. द्रावक चढत जातो तसे घटक वेगळे होतात. ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली हरितद्रव्य लाल चमकतं. खात्रीच्या मुळाच्या रांगेत लाल जवळपास काही नाही. पानाची रांग लालभडक. आजच्या सॅम्पलमध्ये लाल पट्टे पानाच्या बरोबर उंचीवर. सूक्ष्मदर्शकानं सांगितलेलं पक्कं झालं, अश्वगंधा ओळखीच्या कसोटीत नापास.

‘खात्रीचं’ म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञानं ओळखून, नमुना दाबून, नोंद करून ठेवलेलं. याबाबतीत आम्ही नशीबवान आहोत. येलहंक्याला जरकबंडे कावलमध्ये दर्शन शंकर यांनी उभी केलेली संस्था आहे, आता टीडीयू विद्यापीठ. औषधी वनस्पतींचा मोठा वनस्पतिसंग्रह तिथे आहे. त्यांचं आधीचं काम आपल्या कर्जतचं, आदिवासी भागातलं.

गुळवेलीच्या प्लेटवर मी जास्त वेळ घेते. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये सहा रुग्ण पाहिले, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले, आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं उत्तर दिलं की रुग्णांनी घेतलेली वनस्पती ओळखलीच नव्हती, ती दुसरी एखादी टिनोस्पोरा असू शकेल. पुढे इतर शहरांतूनही असेच रुग्ण नोंदले गेले. वाद आजही चालू आहे, पण करोनाच्या काळात दारातली वेल तोडून रोज काढा पिणाऱ्या घरांत कुणालाच ती कुठली जात आहे हे तपासायचं सुचलं नव्हतं, हे खरं. टिनोस्पोरा कॉर्डिफोलियात टिनोकॉर्डिसाइड असतं, क्रिस्पात बोरापेटोसाइड. आजचे तुकडे कॉर्डिफोलियाचेच आहेत. म्हणजे जात बरोबर आहे. ती कुणी, किती दिवस, कुठल्या आजारात घ्यावी, हे त्यानं ठरत नाही.

दुपारी ३:१०

आयसीपी-एमएसवर सकाळची द्रावणं. हे यंत्र अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजतं. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. अडचण अशी की पारा द्रावणात टिकावा म्हणून आम्ही थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालतो, त्यातलं क्लोरीन यंत्रातल्या आर्गॉनशी जोडी करतं आणि त्या जोडीचं वस्तुमानही ७५ भरतं. दुर्लक्ष केलं तर औषधात नसलेलं आर्सेनिक दिसतं. म्हणून हेलियम भरलेल्या कक्षातून सगळं न्यायचं. तिथे जोडगोळी मागे पडते, एकटा अणू पुढे जातो. पाऱ्यासाठी दर सॅम्पलनंतर सोन्याचा अंश असलेल्या द्रावणानं नळ्या धुवायच्या.

मर्यादा भिंतीवर लावल्या आहेत: शिसं १०, आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३, पारा १, सगळे दहा लाख भागांत. निव्वळ वनस्पतिजन्य औषध निर्यात करायचं तर १ जानेवारी २००६ पासून ही तपासणी सक्तीची आहे. त्यामागे एक कारण होतं. २००४ च्या डिसेंबरमध्ये रॉबर्ट सेपर यांचा लेख जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला: बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक. इथे संताप झाला, आपल्या शास्त्राची बदनामी म्हणून. त्यांनीच २००८ मध्ये इंटरनेटवरून घेतलेली १९३ उत्पादनं तपासली, पुन्हा साधारण पाचातल्या एकात धातू निघाले, आणि अमेरिकेत बनलेल्या व भारतात बनलेल्या मालात फारसा फरक नव्हता. हे आकडे आपण आधी काढून आपणच छापायला हवे होते, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आजच्या अश्वगंधेत चारही धातू मर्यादेत आहेत. ओळखीत नापास, धातूंत पास. अहवालात दोन्ही येईल. कुणी फक्त दुसरं पान दाखवू नये म्हणून आम्ही प्रत्येक पानावर ‘अहवाल पूर्णच वाचावा’ असं छापतो.

संध्याकाळी ४:२०

बेळगावची पुडी. मिथेनॉलमध्ये हलवून, गाळून, एलसी-एमएसवर. सांधेदुखीच्या चूर्णात ज्यांची भेसळ सापडते ती यादी ठरलेली आहे: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायक्लोफिनॅक, पिरॉक्सिकॅम. मधुमेहाच्या चूर्णात ग्लिबेनक्लमाइड आणि मेटफॉर्मिन, ‘शक्तिवर्धकां’त सिल्डेनाफिल. भेसळ करणारी माणसं आधुनिक औषधांतलं नेमकं कडक औषध निवडतात, आणि ते जडीबुटीच्या नावावर खपवतात.

आधी कोरा द्रावक सोडते, मागच्या सॅम्पलचं काही उरलेलं नाही याची खात्री म्हणून. पडद्यावर सरळ रेष. मग पुडीचं द्रावण. काही मिनिटांत ३९३ वस्तुमानाला उंच शिखर.

३९३ म्हणजे डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन. दोघांचे अणू तेवढेच, जोडणी तीच, फक्त एका मिथाइल गटाची दिशा उलटी. वस्तुमानानं ते वेगळे करता येत नाहीत. स्तंभातून कोण किती मिनिटांनी बाहेर येतो त्यावरून ओळखायचं. दोन्हींची शुद्ध द्रावणं लावते. पुडीतलं शिखर डेक्सामेथासोनच्या वेळेला तंतोतंत बसतं. रेणू फुटून होणाऱ्या दोन तुकड्यांचं प्रमाणही जुळतं.

एकदा जुळून भागत नाही. पुडीतून दुसऱ्या ठिकाणचं चूर्ण नव्यानं तोलते, नव्यानं अर्क काढते, पुन्हा कोरा द्रावक, पुन्हा सॅम्पल. मुलगा शेजारी उभा आहे, काही बोलत नाही. दुसऱ्यांदाही तेच. चिठ्ठीत लिहिलेल्या मात्रेनं हिशोब केला तर त्या बाईच्या पोटात रोज बाजारातल्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीपेक्षा जास्त डेक्सामेथासोन जात होतं, महिनोन्महिने, तिला न सांगता.

“मॅडम, यात आयुर्वेदाचं काहीच नाही,” मुलगा शेवटी म्हणतो.

सुंठ आहे, आणि कसलीतरी साल. ती आम्ही ओळखू. पण लोकांच्या तोंडी हे आयुर्वेदाच्याच नावावर जमा होणार. कोल्हापूरकडच्या ज्या फार्मसीनं स्वतःहून, पैसे मोजून आपलं भस्म तपासायला पाठवलं, तिच्याही नावावर.

संध्याकाळी ५:४५

सही झालेला अहवाल उद्या जाईल. पण हा फोन उद्यावर टाकता येत नाही. इतके महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम मंदावतात. पुडीत विष आहे असं ऐकून घाबरून तिनं ती आजच फेकून दिली तर रक्तदाब कोसळू शकतो, उलट्या, ग्लानी, जिवावरही बेतू शकतं. हे अहवालात लिहिणं माझ्या अधिकारात नाही. मैत्रिणीला सांगणं आहे.

“डेक्सामेथासोन,” मी म्हणते. “दोनदा तपासलंय.”

“किती?”

मी दर ग्रॅममागचा आकडा सांगते. ती लिहून घेते.

“अगं, घरच्यांना नुसतं ‘बंद करा’ असं कळवू नकोस, एवढंच सांगायला फोन केला.”

“तेच. आत्ताच त्या बाईच्या मुलाला फोन लावते. उद्या पहिल्या बसनं घेऊन ये म्हणते, घरात असतील तेवढ्या पुड्यांसकट. सकाळचं कॉर्टिसोल बघते आणि गोळी मोजून देऊन हळूहळू उतरवते. साखरेचं तोवर बघू.”

“न फोडलेली एखादी पुडी असेल तर तुझ्याकडे ठेवू नकोस, मलाही पाठवू नकोस,” मी म्हणते. “ही फोडलेली होती, हिच्यावर खटला उभा राहणार नाही. औषध निरीक्षकांना कळव. त्यांनी स्वतः बाजारातून सीलबंद सॅम्पल घेतलं आणि ते सरकारी विश्लेषकाकडे गेलं तरच त्या विक्रेत्याला हात लावता येईल.”

“बाजार रविवारी भरतो,” ती म्हणते. “मी शुक्रवारीच त्यांच्या ऑफिसात जाऊन लेखी देते. तुझा अहवाल त्याआधी पाठव.”